व्याह्यांचं पाणी

माझ्या पोटात उजव्या बाजूला, खाली, माझे वडील राहतात. म्हणजे त्यांची एक किडनी राहते, पण आमच्या घरात हा फरक कुणी फारसा मानला नाही. सासूबाईंनी तर पहिल्या दिवसापासून नाही. ऑपरेशननंतर मला मुंबईहून रत्नागिरीला आणलं तेव्हा दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्या माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "या व्याही, आत या. आता काही पडवीतून परत जाता येणार नाही तुम्हाला."

खरे बाबा त्या वेळी मुंबईतच, त्यांच्या चुलतभावाकडे, टाके सुकायची वाट बघत पडले होते. त्यांना हे कळवलं तेव्हा ते हसले असं काका सांगत होते, आणि हसल्यामुळे टाके दुखले म्हणून विहीणबाईंच्या नावानं थोडं बोललेही.

या थट्टेमागे जुनी गोष्ट होती. आमचं माहेर पावसजवळच्या एका वाडीत. आंब्याची बाग, घर आणि बाबा, एवढंच माझं माहेर, कारण आई मी कॉलेजात असतानाच गेली. बाबा बागेपुरते नव्या विचारांचे आणि बाकी सगळ्याला रीतीचे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आमच्या लग्नापर्यंत बहुतेकांनी ती सोडून दिली होती. बाबांनी नाही. कारण गुहागरला त्यांची थोरली बहीण होती, आमची आत्या. बाबांना तिनंच लहानाचं मोठं केलेलं, आणि रीत मोडली तर तिला तिकडे गुहागरात बसल्याबसल्या कळतं अशी बाबांची पक्की समजूत होती.

तेव्हा बाबा एस्टीनं रत्नागिरीला यायचे, स्टँडवरून चालत घरी यायचे, घामाघूम होऊन पडवीत टेकायचे आणि पिशवीतून स्वतःचा फिरकीचा तांब्या काढून स्वतःच्या विहिरीचं पाणी प्यायचे. सासूबाई आतून गुळपाणी घेऊन यायच्या, ते तसंच परत जायचं. एका मे महिन्यात तांब्यातलं पाणी वाटेतच संपलं. बाबा थोडा वेळ बसले, मग "आलोच" म्हणाले आणि शेजारच्या घरी जाऊन दोन भांडी पाणी पिऊन आले. परत येऊन टेकतात न टेकतात तोच सासूबाई दारात उभ्या.

"शेजारणीच्या विहिरीत काय गंगा आलीय काय हो? एकच झरा आहे तिचा नि माझा!"

"झरा एक असेल, विहीणबाई. पण लेक तुमच्या घरात आहे ना."

सासूबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पातेली आपटत होत्या. शेजारीण बिचारी उगाचच माफी मागून गेली.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. आधी पाय सुजले, मग तोंड, मग जेवण नको झालं, आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मुंबईचा रस्ता दाखवला. डायलिसिससाठी मुंबईला दिरांच्या दोन खोल्यांत मी किती तरी महिने काढले. त्या दिवसांबद्दल मला फार सांगायचं नाही. नवऱ्याचा रक्तगट जुळेना. बाबा गावाहून आले, डॉक्टरांसमोर बसले आणि म्हणाले, "माझी घ्या. दोन आहेत, एक पडूनच आहे." डॉक्टरांनी धोके समजावून सांगितले. सगळं शांतपणे ऐकून बाबांनी एकच विचारलं, "नंतर आंबा उतरवायला झाडावर चढता येईल ना?"

तर अशी ती किडनी आमच्या घरी आली. येताना सोबत औषधांची पिशवी आणि एक सूचना घेऊन आली: भरपूर पाणी प्या, रोज तीन लिटर तरी. सासूबाईंना आणखी काय हवं होतं! सकाळी उठल्यापासून त्या तांब्या घेऊन माझ्यामागे. "घे गो, व्याह्यांना तहान लागली असेल." बाबा आले की त्यांना पडवीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या, "आमच्या घरचं पाणी चालत नाही म्हणे! इकडे सकाळपासून अर्धी कळशी संपवली." बाबा तांब्याची फिरकी उघडत गालात हसायचे. गोळ्यांमुळे माझ्या ओठांवर बारीक लव आली, तेव्हा मी आरशासमोर रडत होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रडतेस कशाला? व्याही आले म्हणजे मिशा येणारच." मी रडता रडता हसले, आणि मग रागावले, कारण मला अजून थोडं रडायचं होतं.

मूल हवं असं मी पहिल्यांदा बोलले तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, दोन वर्षं जाऊ द्या, किडनी नीट चालली, रक्तदाब ताब्यात राहिला, तर विचार करू. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "दोन कशी? तीन. कलम लावल्यावर तीन वर्षं मोहर खुडून टाकायचा असतो. पहिल्या मोहराला फळ धरू दिलंस तर झाड खचून बसतं."

"बाबा, मी कलम नव्हे."

"नव्हेस कशी? खुंट तुझा, काडी माझी. डॉक्टरानं बांधलंय फक्त."

हापूसवाल्याशी कलमावरून वाद घालू नये. थांबले तीन वर्षं. तिसरं संपायला आलं तेव्हा पुन्हा मुंबईला गेले, आणि या वेळी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट सांगितलं. मूल होऊ शकेल. पण गरोदरपणात किडनीवर ताण येतो. बहुतेकांची सावरते, काहींची सावरत नाही. गेली तर पुन्हा डायलिसिस, आणि दुसरी किडनी कुठून आणायची ते तुमचं तुम्ही बघा. मूल दिवस भरायच्या आधी येईल हे धरूनच चाला.

येताना कोकण रेल्वेत नवरा डॉक्टरांचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. जिल्हा परिषदेत नोकरी करणारा माणूस, सही करण्याआधी चार वेळा वाचणारा. चिपळूण गेल्यावर म्हणाला, "तू म्हणशील तसं." मी तर मुंबई सोडतानाच ठरवलं होतं.

लोकांना वाटलं सासूचा तगादा असेल. माझ्या सासूबाईंनी मला एकदाही नातवंडाचं विचारलं नाही. उलट मी ठरवलंय म्हटल्यावर त्या माझ्यावरच उखडल्या. "मेलं नातवंड! तू आहेस तेवढी पुरे नाही का झाली? वर व्याह्यांची ठेव आहे घरात, ती बुडवून कुठे तोंड दाखवू?" मूल मला हवं होतं. साधं, बायकांना हवं असतं तसं. पण आणखी एक गोष्ट होती, ती मी थट्टेत सांगून टाकायचे आणि मनात पक्की धरून होते. ज्या माणसानं मला आपल्या पोटातलं काढून दिलं, तो माझ्या दारात बसून पिशवीतलं कोमट पाणी पितो, हे मला बघवत नव्हतं. आता त्यांनाही एकच किडनी होती, त्यांनाही डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं. "बघा हं आई," मी सासूबाईंना म्हणायचे, "एवढं बाळ होऊ दे, बाबांना तुमच्या हातचं पाणी पाजते की नाही बघा." आमच्या घरात ते रोजचंच बोलणं झालं, आणि पडवीतून बाबा ते ऐकत.

दिवस राहिले. डॉक्टरांनी औषधं तपासून दिली, आणि दर काही दिवसांनी रक्त तपासायचं, त्याचा आकडा मुंबईला फोनवर कळवायचा असं ठरलं. आमच्या घरी फोन नव्हता. नवरा कोपऱ्यावरच्या एस्टीडी बूथवर जायचा. काचेचं दार लावून घ्यायचा, पण लाइन खराब असली की ओरडावंच लागे. त्यामुळे माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की चढतो तो आकडा, आख्ख्या आळीला पाठ झालं. भाजीवालीसुद्धा विचारायची, "काय वैनी, आज कितीवर हाय?" गोळीला असा वास होता की नाकापर्यंत नेली तरी ढवळून यायचं. ओकारी आली की सगळ्यांचा एकच प्रश्न, गोळी आत राहिली की बाहेर आली? माझी विचारपूस त्यानंतर.

पोट वाढायला लागलं, आणि सासूबाईंना नवा विषय मिळाला. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना चित्र काढून दाखवलं होतं, इथे किडनी, इथे बाळ, अगदी अंगाला अंग लावून. त्या घरी येऊन म्हणाल्या, "आजोबा नि नातवंड एकाच खोलीत. भांडू नका म्हणजे झालं." बाळ उजवीकडे लाथ मारायचं तेव्हा मी दचकायचे. त्या हात ठेवून बघायच्या आणि पडवीकडे तोंड करून ओरडायच्या, "व्याही, लागलं काय हो?"

"चालायचंच," बाबा पडवीतून म्हणायचे. "घरचंच आहे."

याच दिवसांत सासूबाईंनी एक डाव टाकला. बाबा दुपारी पडवीत डुलकी काढत होते. सासूबाईंनी हळूच त्यांचा तांब्या उचलला, होतं ते पाणी मोरीत ओतलं, आमच्या विहिरीचं भरलं आणि तांब्या होता तिथे ठेवला. मग आम्ही दोघी दाराआड उभ्या. मी सहा महिन्यांची पोटुशी, तोंडावर पदर दाबून हसतेय. बाबा उठले, तांब्या घेतला, फिरकीला हात घातला आणि थांबले. तांब्याकडे एकदा बघितलं, दाराकडे एकदा बघितलं. मग शांतपणे उठून सगळं पाणी अंगणातल्या तगरीला घातलं.

"फिरकी मी एवढी आवळत नाही, विहीणबाई."

सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आमची तगर बरीक प्यायली. तिला रीत नाही." आणि दोघंही हसली. मी हसले नाही. एवढ्या उन्हात तो माणूस रिकामा तांब्या पिशवीत घालून स्टँडवर चालत गेला. मला त्यांच्या त्या रीतीचा, आत्याचा आणि तगरीचासुद्धा राग आला.

सातव्या महिन्यात थट्टा संपली. पाय आधी सुजले, मग डोळ्यांखाली सूज आली. पहिल्या आजारात असंच सुरू झालं होतं, मला वेगळं सांगायची गरज नव्हती. रक्तदाब वर गेला. त्या दिवशी संध्याकाळी नवरा बूथवरून आला तो चप्पल न काढताच आत आला. आकडा चढला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मिळेल त्या गाडीनं निघा. इथे दाखल करून जमेल तेवढे दिवस ढकलू. पण किडनी जायच्या बेतात दिसली तर बाळासाठी थांबता येणार नाही, लगेच बाहेर काढावं लागेल, आणि इतक्या लवकर आलेलं बाळ जगेल की नाही सांगता येत नाही. मनाची तयारी करून या.

मी म्हणाले, "मी काढू देणार नाही."

नवरा म्हणाला, "अगं, पण किडनी..."

"गेली तर गेली! डायलिसिसवर राहीन मी. बाळ पूर्ण होऊ दे. सही करायची नाही तू, सांगून ठेवते."

मी मोठ्यानं बोलत होते. किती मोठ्यानं ते मला पडवीत हालचाल ऐकू आली तेव्हा कळलं. बाबा दुपारपासून बाहेर बसले होते, फणस घेऊन आले होते, हे मी पार विसरले होते. ज्यांची वस्तू त्यांच्याच कानावर "गेली तर गेली." मी तोंडावर हात ठेवला.

बाबा आत आले. माझ्या लग्नानंतर ते पडवीचा उंबरा ओलांडून पहिल्यांदाच आत येत होते. माजघरातून सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "विहीणबाई, पाणी द्या."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुमचा तांब्या बाहेरच राहिला का?"

"तांब्या नको. तुमच्या घरचं द्या."

त्या उठल्या. इतकी वर्षं ज्या बाईनं त्या एका भांड्यासाठी जिवाचा आटापिटा केला होता, तिला आता भांडं सापडेना. शेवटी फडताळातून पाहुण्यांचं चांदीचं फुलपात्र काढलं. भरताना पाणी सांडलं. बाबा माझ्यासमोर पाटावर बसले आणि सगळं पाणी प्यायले. घाईनं नाही. पिऊन झाल्यावर फुलपात्र खाली ठेवलं आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"झालं," ते म्हणाले. "आता माझ्यासाठी काही करायचं उरलं नाही, बायो. मूल झालं तर होवो. नाही झालं तरी मी इथे येणार नि पाणी पिणार. तू डॉक्टर सांगेल तसं कर."

ते पुढे म्हणाले, "मी ती दिली ती तू राहावीस म्हणून दिली."

सासूबाई रिकामं फुलपात्र हातात घेऊन रडत होत्या. मी त्यांना इतकं रडताना त्याआधी बघितलं नव्हतं, माझ्या आजारातसुद्धा नाही. थोड्या वेळानं त्यांनीच डोळे पुसले, माझी पिशवी भरायला घेतली, आणि भरता भरता पुटपुटल्या, "प्यायले तेही अशा वेळी, की धड आनंदही होऊ नये."

त्याच रात्रीच्या गाडीनं आम्ही निघालो. सही करायची ठरली होती, आणि ती मीच करणार होते. हॉस्पिटलात डाव्या कुशीवर पडून मी दिवस ढकलले. सकाळी रक्त काढायचे, दुपारी आकडा यायचा. आकडा आणखी चढला नाही की त्या दिवसापुरतं निभावलं. असे तीन आठवडे बाळ आणि किडनी एकमेकांना सांभाळून राहिले. मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आता नको. मी हो म्हणाले. घाबरले होते, पण हो म्हणायला वेळ लावला नाही.

मुलगी झाली. एवढीशी, लालभडक, सुरकुतलेली. ती रडली तेव्हा मांजराचं पिल्लू कुठून आलं असं वाटलं. तिला काचेच्या पेटीत ठेवली. बाबा गावाहून आले, काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले, आणि बाहेर येऊन आपल्या मापात सांगितलं, "सहा फळं भरेल. अढीत घातलीय, पिकेल हळूहळू." नर्सला काही कळलं नाही, पण ती हसली. औषधांमुळे मला तिला अंगावर पाजायला मनाई होती. हे आधीच माहीत होतं, तरी पहिल्या दिवशी फार लागलं. सासूबाई मुंबईला येऊन राहिल्या आणि वाटी-चमच्यानं थेंब थेंब पाजायला शिकल्या. माझा आकडा हळूहळू उतरला. अगदी पहिल्यासारखा झाला नाही, पण डॉक्टर म्हणाले, चालेल. अजून चालतंय.

बारसं आम्ही उशिरा केलं, ती जरा अंगानं भरल्यावर. मला आणि तिला गर्दी नको म्हणून मोजकी माणसं बोलावली. गुहागरहून आत्या आली. कडक इस्त्रीचं नऊवारी, हातात काठी, आणि डोळे सगळीकडे. बाबा आता ऐसपैस माजघरात बसले होते. सासूबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं आणि तोंडात होतं ते बोलून गेल्या, "घ्या, आता काय, सवयच झालीय. त्या दिवशी मुंबईला निघताना प्यायलात तेव्हापासून."

आत्यानं मान वळवली. "निघताना? म्हणजे बाळंत व्हायच्या आधी?"

सासूबाईंनी जीभ चावली. बाबा साठीला आलेले गृहस्थ, पण आत्यासमोर शाळा बुडवून पकडलेल्या मुलासारखे बसले होते.

"मूल झालं नव्हतं," आत्या म्हणाली, "आणि तू लेकीच्या घरचं पाणी प्यायलास?"

बाबांनी हातातल्या फुलपात्राकडे बघितलं, मग पाळण्याकडे.

"नव्हतं कसं, अक्का?" ते म्हणाले. "होतं की. सात महिने माझ्या शेजारीच होतं."

आणि उरलेलं पाणी पिऊन त्यांनी फुलपात्र सासूबाईंपुढे धरलं, आणखी द्या म्हणून.